ग्रहणाच्या हातचं तिकीट

किल्लीवाल्याला कोणी जुगारी म्हटलं तर तो भांडायचा नाही. पण त्याच्या हातातली कानस थांबायची. "जुगारी माणूस कोण येणार ते बघतो," तो म्हणायचा. "मी भाव बघतो." आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात उजेड पडला नाही तर समोरचं एखादं कुलूप उचलून दाखवायचा. "हे कुलूप शंभराचं. कोणी साठाला देत असेल तर घ्यावं. दीडशेला देत असेल तर, कितीही आवडलं तरी, घेऊ नये. घोड्याचंही तेच."

"आणि घोडा हरला तर?" बायको विचारायची.

"भाव बरोबर होता तर माझं काही चुकलं नाही."

"जिंकला तर?"

"तरी मी काही विशेष केलं नाही."

"मग जाता कशाला?"

यावर त्याला नेमकी एखादी अर्धवट किल्ली आठवायची.

बायकोचे वडील घोड्यांच्या नादाला लागलेले होते. आधी त्यांचं घड्याळ गेलं, मग सायकल, आणि एक दिवस शाळेतून परत येऊन ती बघते तर आईचं शिवणयंत्र जागेवर नाही. फरशीवर त्याच्या चार पायांचे डाग तेवढे राहिलेले. म्हणून लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने पत्र्याचा एक डबा नवऱ्यापुढे ठेवला. "यात एकदाच काय टाकायचं ते टाका. जिंकाल ते यात, हराल ते यातून. दुकानाच्या गल्ल्याचा आणि या डब्याचा संबंध नाही. ज्या दिवशी डबा रिकामा, त्या दिवशी विषय संपला."

त्याने मान्य केलं. तेव्हापासून तो डबा कधी जड झाला, कधी खुळखुळला, पण रिकामा झाला नाही. किल्लीवाल्याच्या लेखी तो डबा म्हणजे त्याचं प्रशस्तिपत्र होतं. आपण सासऱ्यांच्या जातकुळीचे नाही, हे त्याला रोज कोणीतरी सांगायला हवं असायचं, आणि ते काम डबा करायचा.

या वर्षी मात्र डबा उतरत चालला, आणि गंमत अशी की त्याचा हिशेब चुकत नव्हता म्हणूनच उतरत चालला.

शर्यतीच्या मैदानावर घोड्याचा भाव, म्हणजे एका रुपयाला किती मिळणार ते, कोणी शहाणा ठरवत नाही. लोकांचा पैसाच ठरवतो. ज्या घोड्यावर पैसा पडेल त्याचा भाव खाली येतो, ज्याला कोणी विचारत नाही त्याचा वर जातो, आणि मोठ्या फलकावर आकडे शेवटपर्यंत खालीवर होत राहतात. किल्लीवाला कोपऱ्यात उभा राहून त्या फलकाकडे बघत राहायचा. मनात ठरवलेल्या भावापेक्षा फलकावरचा भाव बराच वर गेला, म्हणजे घोडा स्वस्त झाला, की तिकिटाच्या खिडकीवर जायचा, नाही तर हात हलवत घरी. पण दोन-तीन हंगाम त्याचं बरं चाललं, आणि लोकांच्या नजरेत ते आलं. आधी शेजारचा शिंपी त्याच्या मागे रांगेत उभा राहू लागला. मग शिंप्यामागे शिंप्याचं गिऱ्हाईक. किल्लीवाला खिडकीत हळूच आकडा सांगायचा, की मागून ओळीने आवाज, "यांचाच आकडा मला. मलाही तोच." तो वळून फलकाकडे बघेपर्यंत त्याचा भाव धुळीला मिळालेला असायचा. शंभराचं कुलूप त्याला आता दीडशेला पडत होतं, आणि भाव बिघडवणारे लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जात होते.

त्याने खिडक्या बदलल्या, टोपी घातली, उशिरा जाऊन पाहिलं. लोक टोपीमागेही आले.

असं होत होत डब्याच्या तळाशी इतकंच उरलं की एका वेळी लावायचा त्याचा नेहमीचा दहावा हिस्सा काढला तर सगळ्यात छोटं तिकीटही येऊ नये.

त्या शर्यतीच्या दिवशी सकाळपासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत.

"बसा तरी," बायको म्हणाली. ती भाजी निवडत होती. "फेऱ्या मारून घोडी पळणार आहे का?"

"घोडीच आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"झोपेत बोलता. करडी, करडी."

करडी म्हणजे पाच नंबरची घोडी. मागच्या शर्यतीत ती शेवटून दुसरी आली होती, आणि लोकांनी तेवढंच पाहिलं होतं. किल्लीवाल्याने पाहिलं होतं की वळणावर ती कुंपणाला चिकटून दोन घोड्यांमागे कोंडली गेली, आणि वाट सापडली तेव्हा शर्यत संपत आली होती. आज अंतर जास्त होतं. त्याच्या हिशेबाने हीच शर्यत सहा वेळा धावली तर करडी एकदा जिंकेल. फलकावर एकाला आठ मिळाले तर असा सौदा सोडणारा वेडा. पण तो खिडकीत "पाच" म्हणाला की आठाचे चार व्हायला किती वेळ?

आणि गॅलरीत उभं असताना खालून त्याला मेहुणा येताना दिसला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लाँड्रीत इस्त्री करायचा. माणूस सरळ, पण मैदानावर त्याला सगळे ग्रहण म्हणायचे. त्याने तिकीट काढलं की घोडा पळायचा विसरतो, अशी त्याची ख्याती. एकदा त्याचा घोडा सुरुवातीलाच स्वाराला खाली बसवून एकटा धावला होता आणि पहिला आला होता, पण स्वार नसल्यामुळे बाद ठरला. तेव्हापासून तो रांगेत उभा राहिला की पुढचे-मागचे त्याचा आकडा ऐकायचे आणि तो सोडून दुसरा घ्यायचे. त्यालाही सवय झाली होती. "मी गेलो की रांग मोकळी होते," तो हसून सांगायचा. "माझा वेळ वाचतो."

किल्लीवाला जिन्यातच त्याला भेटला.

"आज माझं तिकीट तू काढायचं."

"मी?" मेहुण्याने मागे वळून पाहिलं, जिन्यात दुसरं कोणी आहे का म्हणून. "भावोजी, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"तुझ्यामागे कोणी येत नाही."

मेहुण्याला समजायला क्षणभर वेळ लागला. मग तो हसला, पण नेहमीसारखं नाही. "म्हणजे माझी पनवती तुमच्या कामाला आली म्हणायची."

"पनवती वगैरे मी मानत नाही. लोक मानतात, एवढंच."

"ते ठीक. पण उद्या घोडी हरली तर?"

"हरली तर हरली. सहापैकी पाच वेळा हरायचीच आहे ती."

"आणि किती लावायचे?"

"सगळे."

मेहुणा एक पायरी खाली उतरला. "सगळे? तुम्ही? ताईला माहीत आहे?"

"डबा माझा आहे," किल्लीवाला म्हणाला, आणि स्वतःचा आवाज त्याला ओळखीचा वाटला नाही. दहाव्या हिश्शाचं तिकीट येत नाही हे खरं होतं. पण निम्मे ठेवता आले असते, हेही खरं होतं. ते त्याने मेहुण्याला सांगितलं नाही आणि स्वतःलाही पुन्हा विचारलं नाही. आज त्याचे तळवे खाजत होते.

मैदानावर तो मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला. मेहुणा पार दुसऱ्या टोकाला. ठरलं होतं की घोडे सुटण्याच्या जागेकडे निघाले आणि भाव आठाच्या खाली नसला, तरच तिकीट काढायचं. फलकावर करडीला एकाला सात होते. मग साडेसात. मग पुन्हा सात. किल्लीवाल्याने बोटं मोडली, खिशातल्या किल्ल्या चाचपल्या, एक पाय उचलून दुसऱ्या पायावर घासला.

"काय किल्लीवाले," शिंपी शेजारी येऊन उभा राहिला. दोन-चार जण त्याच्याही मागे होते. "आज हात आखडता?"

"बघतोय."

"तुम्ही बघताय म्हणजे काहीतरी आहे. आम्ही आहोत मागे. काळजी करू नका."

"तीच तर काळजी आहे," किल्लीवाला म्हणाला. सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

फलक सातावरच अडकून बसला होता. तेव्हाच एक कल्पना त्याच्या डोक्यात आली, आणि आली ती पायातच उतरली. तो तडक खिडकीकडे निघाला. मागे पावलांचा आवाज. सगळे म्हटलं तरी डब्यातल्या पैशांतून एका छोट्या तिकिटापुरते त्याने स्वतःकडे ठेवले होते, घरी जाताना हातात काही असावं म्हणून. ते त्याने खिडकीत सरकवले.

तीन नंबरचा तांबडा घोडा सगळ्यांचा लाडका होता. चांगला होताच, पण भाव एकाला दोनसुद्धा नव्हता. किल्लीवाल्याच्या हिशेबाने ते शंभराचं कुलूप दीडशेला होतं.

"तीन," तो म्हणाला. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.

खिडकीतल्या बाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आजवर या माणसाचा आकडा तिला पुढे वाकून ऐकावा लागायचा. "तीन?"

"तीन."

"यांचाच मला," शिंपी म्हणाला. "माझाही तोच. इकडे तीन. तीन."

किल्लीवाला बाजूला झाला आणि फलकाकडे बघत राहिला. खोटं असं तो काहीच बोलला नव्हता. एक आकडा मोठ्याने म्हणाला होता, इतकंच. तरी शिंप्याने खिशाच्या आतल्या खिशातून घडी केलेली नोट काढली तेव्हा त्याने नजर दुसरीकडे वळवली. तांबड्याचा भाव उतरला. करडीचे साडेसात झाले, मग आठ, मग घोडे निघता निघता साडेआठ. पलीकडच्या टोकाला मेहुणा खिडकीत वाकला, आणि त्याच्या मागचे दोघे रांग सोडून निघून गेले. करडी नवावर गेली.

एकाला नऊ. किल्लीवाल्याच्या आयुष्यात असा भाव हाताला लागला नव्हता. त्याला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कोणापाशी?

घोडे सुटले. करडी आज कुंपणापासून लांब होती, मोकळी. वळणावर ती चौथी, मग तिसरी. मेहुणा गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ येऊन उभा राहिला होता. तिकीट मुठीत, मूठ पाठीमागे, घोडीला दिसू नये अशी. सरळ रस्त्यावर करडी आणि तांबडा असे दोघेच उरले. किल्लीवाल्याला आपले दात दुखताहेत हे जाणवलं. करडी पुढे आली. खरंच पुढे आली. आणि अगदी शेवटच्या उड्यांना तांबड्याने मान लांब केली.

फलकावर तीन लागला.

आजूबाजूला एकच गलका. शिंप्याने किल्लीवाल्याला मिठी मारली. कोणी त्याची टोपी उडवली, कोणी उचलून परत घातली. "मानलं बुवा तुम्हाला. आवाज चढला तेव्हाच मी म्हटलं, आज खात्री आहे." ज्यांना त्याने खड्ड्यात घालायचं ठरवलं होतं ते सगळे हातात तिकीट नाचवत खिडक्यांकडे पळाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि वर लोक त्याच हाताला शेकहँड करत होते.

गर्दी ओसरल्यावर मेहुण्याने मूठ उघडली. तिकीट घामाने मऊ झालं होतं.

"माझा हात लागला, भावोजी," तो म्हणाला.

आता बोलायला हवं होतं. वेड्या, मानेएवढ्या अंतराचा आणि तुझ्या हाताचा काय संबंध, असं. कुलपाचं उदाहरण द्यायला हवं होतं. किल्लीवाल्याने तोंड उघडलंही. पण आतून कोणीतरी म्हणालं, दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तर? आणि त्याने तोंड मिटलं.

मेहुण्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिकीट खिशात घातलं. "लाँड्री उघडायची आहे," म्हणाला आणि निघून गेला.

घरी जाताना किल्लीवाला दोनदा चुकीच्या गल्लीत वळला. पैसे गेले ते त्याला टोचत नव्हते. तसे ते पूर्वीही गेले होते. ते उघडलेलं आणि मिटलेलं तोंड त्याच्याबरोबर चालत होतं. जिन्यात पोचला तर बायको दारातच उभी.

"शिंपीण येऊन गेली," ती म्हणाली. "तिच्या नवऱ्याने तुमच्या जिवावर चांगले मिळवले म्हणे. अख्ख्या गल्लीत तुमचं नाव आहे. डबा आणू?"

"आण."

तिने आणला. त्याने झाकण काढून तो तिच्यापुढे उपडा केला. काही पडलं नाही. मग त्याने खिशातून तीन नंबरचं तिकीट काढून डब्याशेजारी ठेवलं आणि जिन्यातल्या बोलण्यापासून तांबड्याच्या मानेपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना तो बसला नाही. खिडकीशी गेला, परत आला, खुर्चीची पाठ धरली, सोडली.

बायकोने मध्ये एकदाच विचारलं, "शिंप्याने किती लावले होते?"

"माहीत नाही. आतल्या खिशातले होते."

"आणि तांबडा हरला असता तर?"

त्याने डब्याचं झाकण उचलून पुन्हा खाली ठेवलं.

तिने तिकीट उचलून पाहिलं. "हे जिंकलेलं आहे ना? डब्यातल्या पैशांचं?"

"हो. थोडंसंच मिळेल."

"मग डबा रिकामा कुठे झाला? उद्या हे वठवा आणि यात टाका. अट ती अट."

"हे माझ्या हिशेबाचं नाही. हे नुसतं लागलं."

"लागलेलं चालत नाही, असं मी म्हटलं नव्हतं."

"अगं, पण मला बंद करायचं आहे."

"मग करा की." तिने तिकीट त्याच्या हातात दिलं. "माझ्या अटीमागे लपू नका. इतकी वर्षं मी एकदाही नको म्हटलं नाही. मी डब्याकडे कधी बघितलंच नाही, गल्ल्याकडे बघत होते. त्याला तुम्ही हात लावला नाही. आता बंद करायचं तर तुम्ही करा, चालवायचं तर तुम्ही चालवा. मला मध्ये घालू नका. आणि धाकट्याला काय म्हणालात?"

"काही म्हणालो नाही."

"तेच विचारते आहे."

लाँड्रीत वाफेने आरसा धुरकट झाला होता. मेहुणा एका पांढऱ्या शर्टाची कॉलर दाबत होता; आधी मागून, मग पुढून, टोकाकडून आत. किल्लीवाला आत येऊन कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये उभा राहिला. बसायला जागा नव्हती, आणि असती तरी तो बसला नसता.

"घोडी तुझ्या हाताने हरली नाही," तो म्हणाला.

"बरं."

"मानेएवढं अंतर होतं. उद्या पुन्हा धावली तर पुढे येईलही."

"बरं, भावोजी."

"मैदानावर मी गप्प बसलो. मला तेव्हा तसंच वाटलं होतं. तुझ्यामुळे हरली असं."

मेहुण्याने इस्त्री उभी केली. "वाटणारच. तिथे सगळ्यांना वाटतं." त्याने शर्टाची बटणं लावायला घेतली. "इतकी वर्षं इथे आहे. एक कपडा जाळलेला नाही. इथे मला कोणी ग्रहण म्हणत नाही, पण रविवारी पुन्हा तिकडे जातोच. का जातो ते मलाही सांगता येत नाही. तुमच्यापाशी निदान भाव आहे सांगायला."

"तसं बघितलं तर कारण माझ्यापाशीही नव्हतं. आज सगळे लावले, ते कुठल्या भावात बसतं?" किल्लीवाल्याने खिशातलं तिकीट काढलं. शिंप्याची आतल्या खिशातली नोट त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हती. त्याने तिकिटाचे दोन तुकडे केले, मग चार.

मेहुणा बघत राहिला. "ते जिंकलेलं होतं."

"हो."

"ताईने सांगितलं फाडायला?"

"तिने वठवायला सांगितलं."

"मग तुम्हीच खरे वेडे," मेहुणा म्हणाला आणि कोपऱ्यातली केराची बादली पायाने पुढे सरकवली.

पुढच्या शर्यतीच्या दिवशी किल्लीवाल्याचं दुकान उघडं होतं. असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे दुपारपर्यंत शिंपी तीनदा डोकावला.

"आज जायचं नाही?"

"नाही. आणि मागच्या वेळी तो तीन मी तुम्हाला चकवायला म्हटला होता. माझे पैसे पाचावर होते."

शिंप्याने डोळे बारीक केले. मग गालातल्या गालात हसला. "कळलं. आता माणसं मागे नकोत म्हणून असं सांगायचं. हुशार आहात. बरं, आज काहीच घेण्यासारखं नाही, असं समजू?"

"काहीच समजू नका."

शिंपी जाऊन बाहेरच्या दोघांशी कुजबुजला, आणि तिघेही हात मागे बांधून दुकानासमोर उभे राहिले. हा उठून कधी निघतो ते बघत.

किल्लीवाला कानस घेऊन बसला होता. वारा तिकडून असला की मैदानाचा आवाज दुकानापर्यंत यायचा. पहिल्या शर्यतीला एक किल्ली त्याने गरजेपेक्षा जास्त घासली. ती फेकून नवी पट्टी घेतली. दुसऱ्या शर्यतीच्या आधी तो उठला, सगळी टांगलेली कुलपं खाली काढली, पुसली, पुन्हा टांगली. करडी आज चौथ्या शर्यतीत होती. फलकावर काय भाव असेल ते इथून कळायला मार्ग नव्हता, आणि भाव माहीत नसताना घोडीचा विचार करणं म्हणजे निव्वळ जुगार. तरी तो करत होता.

चौथ्या शर्यतीच्या सुमाराला मेहुणा आला. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"गेला नाहीस?"

"जात होतो. वाटेत तुमचं दुकान लागलं." तो स्टुलावर बसला आणि गुडघा हलवू लागला. किल्लीवाल्याचाही पाय हलत होता. दोघांच्या पायांनी पाटावरच्या किल्ल्या वाजत होत्या.

मग तिकडून गलका उठला, चढत चढत गेला आणि मधेच तुटला.

दोघांचे पाय थांबले. समोरच्या तिघांपैकी एक जण बातमी आणायला पळाला.

"पहिलं कोण आलं ते विचारू नका," मेहुणा म्हणाला.

"मी विचारलं का?"

"मान वळली तुमची."

किल्लीवाल्याने मान सरळ केली आणि किल्ली पुन्हा पकडीत धरली. पळालेला माणूस कोपऱ्यावरून परत येताना दिसत होता. दुरूनच तो हाताची बोटं वर करून काहीतरी आकडा दाखवत होता. किल्लीवाला उठला, दाराशी गेला आणि शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.